खुब्याचे हाड मोडल्यावर : रॉड कशासाठी, आणि उशीर का नको

आपल्या मंडळाच्या सभासदांचे वय वाढत चालले आहे. कोजागिरीला गच्चीवर सतरंजीपेक्षा खुर्च्या जास्त लागतात. तितक्याच नेमाने वर्षातून दोन-तीनदा एकच बातमी कानावर येते : अमक्या काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. मग फोनाफोनी सुरू होते. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, घरात ऐंशी ओलांडलेले काका एकटे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून आत रॉड टाकावा लागेल. घरातून पहिला प्रश्न येतो, "या वयात झेपेल का?"

या एका प्रश्नावर पुष्कळ घरांत चार-चार, पाच-पाच दिवस जातात. ते दिवस फार महाग पडतात, म्हणून हा विषय आधीच समजून घेतलेला बरा. आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य बँकेत, कर्जाच्या फायली वाचण्यात गेले. त्या कामाने एक गोष्ट शिकवली : जोखीम एकाच बाजूची पाहून निर्णय घ्यायचा नसतो. ऑपरेशन करण्यात जोखीम आहेच, पण न करण्याची जोखीम किती, हे समोर मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

नेमके काय मोडते

आपण 'खुब्याचे हाड' म्हणतो ते बहुतेक वेळा मांडीच्या हाडाचे वरचे टोक असते. या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खाली हाडाची तिरकी 'मान', आणि मान जिथे मांडीच्या सरळ हाडाला मिळते तिथे दोन उंचवटे. बाहेरच्या बाजूचा मोठा उंचवटा कुशीवर झोपले की गादीला टेकतो, हाताने चाचपूनही कळतो. डॉक्टर त्याला ट्रोकँटर म्हणतात.

फ्रॅक्चर मानेला झाले की या उंचवट्यांच्या भागात झाले, यावर पुढचे सगळे ठरते. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेवरून जातात. मान मोडून सरकली तर त्या तुटतात आणि हाड जुळण्याची खात्री राहत नाही. म्हणून वयस्क माणसांत अशा वेळी बहुधा गोळा काढून कृत्रिम बसवतात. उंचवट्यांच्या भागात मात्र रक्तपुरवठा भरपूर असतो, तिथे हाड जुळायला सहसा अडचण नसते. अडचण असते ती जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवण्याची. रॉडचे काम तेच आहे. त्यामुळे 'शेजारच्या आजींचा गोळा बदलला, मग आमच्या आईला रॉड का?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते की दोघींचे हाड वेगवेगळ्या जागी मोडले आहे.

पडल्यावर पाय आखूड दिसू लागला, पंजा बाहेरच्या बाजूला वळला आणि पाय उचलता येईना, तर खुब्याचे फ्रॅक्चर आहे असे समजूनच हालचाल करावी. पाय ओढून सरळ करू नये. आपल्याकडे अजूनही काही जण आधी पहिलवानाकडे मालिश-पट्टीला नेतात. मनगट मुरगळले तर एक वेळ ठीक, पण खुब्याला ते नको. काही वेळा माणूस कसाबसा चालतो, पहिल्या एक्स-रेत रेघ दिसत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. जांघेत दुखणे थांबत नसेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

स्थिर आणि अस्थिर यांतला फरक

रिपोर्टात 'अनस्टेबल' हा शब्द असला की घरचे घाबरतात, पेशंटच अस्थिर आहे असे समजतात. तो शब्द हाडाबद्दल असतो. वीट फुटून दोन सरळ तुकडे झाले, तर ते एकमेकांवर बसवता येतात आणि भारही पेलतात. हे स्थिर फ्रॅक्चर. तीन-चार तुकडे झाले, त्यांतही आतल्या-मागच्या बाजूचा आधाराचा तुकडाच निघून गेला, तर वर ठेवलेला भाग कलंडतो. हे अस्थिर. बाहेरची भिंत फुटलेली असेल, भेग उलट्या दिशेने तिरकी गेली असेल किंवा खाली मांडीच्या हाडात उतरली असेल, तेही अस्थिरच.

आता भाराचा हिशेब पाहू. चालताना एक पाय उचलला की दुसऱ्या पायाच्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो, कारण तोल सांभाळणारे स्नायूही त्याच सांध्यावर ओढत असतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला १५० ते १८० किलो. फुटलेल्या, ठिसूळ हाडात इतका भार पेलणारे काहीतरी बसवायचे आहे.

पूर्वीची आणि आजही वापरात असलेली एक पद्धत म्हणजे हाडाच्या बाहेरून पट्टी लावायची आणि तिच्यातून एक जाड स्क्रू गोळ्यात न्यायचा. डॉक्टर तिला डीएचएस म्हणतात. स्थिर फ्रॅक्चरला ही पद्धत उत्तम चालते आणि स्वस्तही पडते. दुसरी पद्धत रॉडची, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'नेल'ची. मांडीचे हाड आतून पोकळ असते. त्या पोकळीत वरून एक धातूची सळई उतरवतात आणि तिच्यातून आडवा स्क्रू गोळ्यात जातो.

फरक कुठे पडतो? भरलेली बादली हात लांब करून धरा आणि मग अंगालगत धरा. वजन तेच, पण लांब धरल्यावर खांदा भरून येतो. बाहेरची पट्टी शरीराच्या भाररेषेपासून लांब असते, तर आतली सळई जवळ असते, त्यामुळे तिच्यावर वाकवणारा जोर कमी येतो. शिवाय बाहेरची भिंत फुटलेली असली तरी सळई स्वतःच आतून टेकू देते आणि वरचा भाग बाहेर घसरू देत नाही. म्हणून अस्थिर फ्रॅक्चरला, विशेषतः उलट्या तिरक्या आणि खाली उतरलेल्या भेगेला, आज जगभर सळईला पसंती आहे. त्याच्या अलीकडच्या प्रकारांबद्दल मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत : अमेरिकेच्या अस्थितज्ज्ञांची संघटना अस्थिर फ्रॅक्चरला सळई सुचवते, तर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत त्यांतल्या पुष्कळांना पट्टीच पसंत केली होती. म्हणून 'रॉडच चांगला' असा सरसकट आग्रह धरू नये. फ्रॅक्चर कोणत्या प्रकारचे आहे ते आधी विचारावे.

या सळईचे मूळ जर्मनीत आहे. कील शहरातले सर्जन गेऱ्हार्ड क्युन्शर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची पद्धत रुजवली. खुब्यासाठी सोयीची 'गामा नेल' १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. सुरुवातीच्या गामा नेलमध्ये सळईच्या खालच्या टोकापाशी मांडीचे हाड पुन्हा मोडण्याचा त्रास होता. मग आकार बदलले. १९९० च्या दशकात 'पीएफएन' आली, तिच्यातून गोळ्यात दोन स्क्रू जातात : एक भार घेणारा, दुसरा गोळ्याला गरकन फिरू न देणारा. त्यानंतरच्या 'पीएफएनए'मध्ये दोन स्क्रूंच्या जागी मळसूत्रासारखे पीळ असलेले एकच पाते असते. ते ठिसूळ हाड कोरून काढत नाही, दाबून घट्ट करत आत जाते. आशियाई माणसांची हाडे लहान असतात, त्यांच्यासाठी वेगळ्या मापाची सळईही निघाली. बिलावर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीत ही नावे दिसतात ती याच कुटुंबातली.

ऑपरेशन कसे होते

बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत, कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. पेशंटला एका खास टेबलावर निजवून पाय ताणतात आणि सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्रावर पाहत तुकडे शक्यतो बाहेरूनच जुळवून आणतात. मग मोठ्या उंचवट्याच्या वर काही सेंटिमीटरचा छेद घेऊन आधी एक बारीक तार पोकळीत उतरवतात. तार योग्य जागी आहे हे पडद्यावर पाहिल्यावर तिच्यावरून सळई जाते. नंतर गोळ्यातला स्क्रू किंवा पाते, आणि शेवटी खालच्या टोकाला सळई हाडाला जखडणारा छोटा स्क्रू. मोठी चिरफाड नसल्याने जखमा लहान असतात. पण फ्रॅक्चरमधून आतल्या आत रक्त जातेच, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी झाले तर रक्त द्यावे लागते.

यात यश सळईच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असते : तुकडे किती नीट जुळले आणि स्क्रूचे टोक गोळ्यात नेमके कुठे बसले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासापासून सर्जन एक माप पाहतात. समोरच्या आणि बाजूच्या दोन्ही एक्स-रेत स्क्रूचे टोक गोळ्याच्या शिखरापासून किती दूर आहे, त्या दोन अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असावी. ती जास्त झाली तर स्क्रू ठिसूळ हाड कापत बाहेर येण्याचा धोका वाढतो. म्हणून 'परदेशी रॉड की देशी' यावर तासभर घालवण्यापेक्षा, अशी ऑपरेशने नियमित करणारा सर्जन आणि चांगले सी-आर्म असलेले हॉस्पिटल पाहणे जास्त मोलाचे.

धोकेही सांगितले पाहिजेत. जंतुसंसर्ग, स्क्रू सरकणे, पाय थोडा आखूड होणे, हाड जुळायला फार वेळ लागल्यास सळई तुटणे, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे, हे सगळे घडू शकते. काही जणांना दुसरे ऑपरेशनही लागते. सहीसाठी समोर येणाऱ्या संमतिपत्रात हे लिहिलेले असते. ते वाचून, प्रश्न विचारून मगच सही करावी.

आणि ऑपरेशन नाही केले तर?

आता हिशेबाची दुसरी बाजू. ऑपरेशनशिवायही हे हाड जुळू शकते. पायाला वजन लावून महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहायचे, ही जुनी पद्धत होतीच. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा पलंग जास्त मारतो. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, लघवीचा संसर्ग होतो, शिरांत गाठी होतात, भूक जाते, भ्रम होतो. कूस बदलण्याचीही वेदना इतकी असते की पेशंट हलू देत नाही आणि घरचे हलवत नाहीत.

खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात दगावणाऱ्या वृद्धांचे प्रमाण जगभरच्या अभ्यासांत साधारण २० ते ३० टक्के सांगितले जाते, आणि हे बहुतेक ऑपरेशन झालेले रुग्ण आहेत. आकडा घाबरवणारा आहे, पण त्यातून ऑपरेशन टाळण्याचा निष्कर्ष निघत नाही. माणूस ज्या अशक्तपणामुळे आणि आजारांमुळे पडला तेही त्या आकड्यात आहेत. ऑपरेशनचा खरा हेतू हाड जुळवण्याआधी माणसाला पलंगावरून उठवणे हा आहे. सळई भार घेते म्हणून दुसऱ्या दिवशी बसता येते, वॉकर धरून उभे राहता येते. जो आधीही चालत नव्हता, अंथरुणालाच खिळलेला होता, त्याच्याही बाबतीत वेदना कमी होणे आणि कूस बदलता येणे यासाठी डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. हृदय किंवा फुप्फुसे अगदीच थकलेली असतील, तर न करण्याचा निर्णयही योग्य ठरू शकतो. पण तो भूलतज्ज्ञ, फिजिशियन आणि सर्जन यांनी मिळून घ्यावा. केवळ वयाचा आकडा पाहून घरच्यांनी घेऊ नये.

वेळेचे काय? वर सांगितलेल्या 'नाइस' संस्थेचा दंडक दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, असा आहे. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतल्या २,९७० रुग्णांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. एका गटाचे ऑपरेशन साधारण सहा तासांत, दुसऱ्याचे साधारण चोवीस तासांत झाले. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, पण लवकर झालेल्यांत भ्रम कमी आढळला आणि ते लवकर उभे राहिले. याचा अर्थ आपल्यापुरता असा : रात्री दोन वाजता धावाधाव करून जीव घाबरा करण्याची गरज नाही, पण मुलगा विमानाने येईपर्यंत पाच दिवस थांबायचीही सोय नाही. मुलाशी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचे बोलणे करून द्यावे आणि संमती द्यावी. तो पोहोचेल तेव्हा आई वॉकर धरून उभी असलेली जास्त चांगली. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, यांसाठी काही तास किंवा एखादा दिवस लागू शकतो. तो डॉक्टरांनी मागितला तर द्यावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते दाखल होतानाच सांगावे, आणि त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

त्यानंतरचे तीन महिने

ऑपरेशन तासा-दीड तासाचे असते, खरे काम नंतरचे. उत्तम बसलेल्या सळईवर सहन होईल तितका भार लगेच देऊ देतात. किती द्यायचा ते सर्जनच सांगतील. हाड जुळायला साधारण तीन-चार महिने लागतात. आपल्या घरांतली मोठी चूक प्रेमापोटी होते : "आईला त्रास नको, पडून राहू दे." फिजिओथेरपिस्ट आला की आई रडते, आणि सून त्याला परत पाठवते. दुखणे कमी करायला औषध मागावे, व्यायाम बंद करू नये.

पहिल्या काही दिवसांत वृद्ध माणूस रात्री बरळतो, माणसे ओळखत नाही, सलाइन ओढतो. हे वेड नव्हे, बहुधा तात्पुरता भ्रम असतो. चष्मा आणि कानाचे यंत्र लगेच द्यावे, जवळ ओळखीचे माणूस असावे, घड्याळ दिसावे, दिवसा उजेड असावा. आजींशी मराठीतच बोलावे. वॉर्डात सगळे हिंदी बोलत असताना आपल्या भाषेतला आवाज त्यांना जागेवर आणतो.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे राहून जाते. उभ्याने पडून खुबा मोडला, म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत असे धरायचे. एक खुबा मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. तरीही डिस्चार्जच्या कागदावर फक्त कॅल्शियम असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचे वर्षातून एकदा इंजेक्शन दिलेल्यांत नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हे औषध सगळ्यांना चालत नाही. किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टर ठरवतात. पण "हाडांच्या ठिसूळपणाचे औषध कधी सुरू करायचे?" हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. टाके काढायला जाल तेव्हा जरूर विचारा.

कागद आणि पैसा

हा भाग आमच्या परिचयाचा, म्हणून थोडक्यात पण ठामपणे सांगतो.

घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाची एक फाइल ठेवावी : आधार, विम्याची पॉलिसी व कार्ड, चालू औषधांची यादी, जुना ईसीजी आणि इको. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी सामूहिक विम्याचे नूतनीकरण झाले का ते दरवर्षी पाहावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलांत होतात. कार्ड पडल्यावर काढायला धावू नका, आजच काढा. कोणते हॉस्पिटल योजनेत आहे तेही आधी पाहून ठेवा.

पेन्शनचे खाते एकट्याच्या नावावर असेल तर पती किंवा पत्नीचे नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडून घ्यावे. पेशंटला सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा चालतो आणि त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. शाखेला विनंती केली तर अधिकारी हॉस्पिटलात किंवा घरी येऊ शकतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर घरूनच देता येतो. पलंगावरून आजोबांना उचलून शाखेत न्यायचे कारण नाही.

शेवटी, पडूच नये यासाठी फार खर्च लागत नाही. न्हाणीघरात हाताला धरायला पक्की दांडी, खाली न घसरणारी फरशी किंवा रबरी चटई, रात्री लघवीला जाण्याच्या वाटेवर एक मंद दिवा, पायपुसणी आणि वायरी वाटेतून दूर, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, आणि दर वर्षी डोळ्यांची तपासणी. जुन्या इंदुरातल्या वाड्यांचे उंबरे उंच आहेत आणि जिने अंधारे आहेत. उंबऱ्यावर पांढरा पट्टा रंगवायला एका दुपारचे काम आहे.

हा लेख वाचून झाल्यावर घरात सगळ्यांनी एकदा बसून तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात : हॉस्पिटल कोणते, संमती कोण देणार, आणि पहिला खर्च कोणत्या खात्यातून होणार. हे आधी ठरलेले असले, की "या वयात झेपेल का?" या प्रश्नासाठी डॉक्टरांशी शांतपणे बोलायला वेळ उरतो.